पाठीवरची हात न पोचणारी जागा

त्या दिवशी सकाळी सरांनी गच्ची रंगवायला घेतली. म्हणजे अख्खी गच्ची नव्हे, फक्त त्यांच्या घराच्या डोक्यावर येणारा तुकडा. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्यांनी दोरी धरून, खडूने आखून, पुन्हा पुसून, पुन्हा आखून ठरवलं होतं. समोरच्या काकूंच्या छतावर आपला रंग गेला तर त्यांचं घर फुकट थंड होईल, याची त्यांना फिकीर नव्हती. रेघ चुकली तर ती विज्ञानाच्या शिक्षकाने चुकवली असं होईल, याची होती.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, म्हणून ती सिस्टर. सर आणि सिस्टर हे नवराबायको आहेत, हे प्रत्येक नव्या भाडेकरूला एकदा समजावून सांगावं लागे.

"पांढरा पृष्ठभाग उष्णता परत फेकतो," सरांनी चहा पिता पिता जाहीर केलं. "आज रंग दिला की उद्यापासून पंखा एक नंबरवर."

"द्या," सिस्टर म्हणाल्या. "पण टोपी घाला. आणि तो नवा शर्ट घालून रंगाच्या डब्याजवळ गेलात, तर शर्टासकट बाहेर ठेवीन."

लेक पलीकडे खुर्चीत पाय वर घेऊन पुस्तक वाचत होती. ती दुसऱ्या शहरात एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि रजा काढून घरी आली होती. तिने पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं, "बाबा, सोसायटीची परवानगी घेतलीत?"

"उष्णतेच्या नियमांना परवानगी लागत नाही," सर म्हणाले आणि वर गेले.

वर जाऊन त्यांनी टोपी घातली आणि शर्ट काढला. बायकोचं म्हणणं इतकं तंतोतंत त्यांनी संसारात क्वचितच पाळलं असेल. दुपारपर्यंत ते वाकून, उघड्या पाठीने, भर उन्हात रंग देत राहिले. ऊन पाठीवर पडत होतं ते पडतच होतं. पण टोपीने वरून झाकलेल्या चेहऱ्याला खालून गाठायची सोय सरांनी स्वतःच्या हाताने, दोन थर देऊन करून ठेवली होती. पांढरी जमीन आपलं काम चोख करत होती. उष्णता परत फेकत होती, आणि ती घ्यायला वर सरांचा चेहरा होता. ज्या माणसाने परावर्तनाचा नियम फळ्यावर बाण काढून काढून पिढ्यांच्या डोक्यात भरला, त्याला तो हनुवटीच्या खालच्या बाजूला, नाकपुड्यांच्या कडांना आणि कानाच्या पाळ्यांना कळला.

अर्धी गच्ची झाल्यावर ते खाली आले तेव्हा त्यांचं कपाळ गोरं होतं आणि हनुवटी पिकलेल्या टोमॅटोसारखी. सिस्टरांनी त्यांना दारातच थांबवलं, हनुवटी वर करून पाहिली, पाठ वळवून पाहिली आणि मग त्या भिंतीला टेकून हसल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. लेकही हसली.

"शर्ट काढायला कुणी सांगितलं होतं?"

"तूच."

"मी जुना घाला म्हणत होते!"

"तसं तू म्हणाली नाहीस. तू फक्त नव्याबद्दल बोललीस."

"अहो, दवाखान्यात मी पेशंटना गोळ्या द्यायचे तेव्हा 'गोळी गिळा, पाकीट गिळू नका' असं वेगळं सांगत नव्हते."

तेवढ्यात समोरच्या काकू बातमी ऐकून वाडगाभर दही घेऊन आल्या. सिस्टरांनी वाडगा घेतला, आभार मानले आणि सांगितलं, "जेवताना खाऊ." सिस्टरांच्या राज्यात घरगुती औषधांना बंदी होती. भाजलेल्या कातडीवर त्यांचे उपाय एका दमात सांगून संपायचे: गार पाणी घ्या, अंग टिपून घ्या, कोरफडीचा गर लावा, पाणी भरपूर प्या, उन्हात जाऊ नका, आणि साल निघाली तर ती निघू द्या, ओढू नका. बाकी जे काही स्वयंपाकघरात आहे, ते स्वयंपाकघरातच बरं. इमारतीत कुणाला भाजलं, खरचटलं, पुरळ उठलं की लोक आधी काकूंकडे न जाता सिस्टरांकडे यायचे, आणि काकूंच्या मनात हे सलत होतं.

"उरलेली गच्ची उद्या करतो," पालथे पडून पाठीवर गर लावून घेताना सर उशीत बोलले.

"उद्या तुम्ही असेच पडून राहणार आहात. गप पडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर उठले, सिस्टर उठल्या नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना काही कळलं नसेल, असंही म्हणाले. हे वाक्य पुढे भेटायला आलेल्या प्रत्येकाने म्हटलं, इतकं, की ते ऐकताना लेकीला वाटू लागलं, आईला पहिल्यांदाच एखादी गोष्ट कळली नसेल.

आता भेटायला येणाऱ्या माणसाची एक अडचण असते. तो जिना चढताना चेहरा गंभीर करून येतो, दारात चपला काढतो, बसतो, आणि मग त्याच्याजवळ बोलायला काही उरत नाही. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तर घरचे रडतील, न बोलावं तर आलोच कशाला. पण या घरात आलेल्या माणसाला समोर सरांचं नाक दिसायचं. नाकाची साल निघू लागली होती. कानांना पापुद्रे सुटले होते. ते दिसताच पाहुण्याचा जीव भांड्यात पडायचा.

"सर, हे काय हो?"

"ऊन लागलं."

"अरे! मग यावर तुम्ही काय लावताय?"

आणि पुढचा अर्धा तास छान जायचा. जिच्यासमोर घरगुती औषधाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती, ती गेल्यावर सगळ्या इमारतीची वाचा फुटली.

पहिल्या अर्थातच काकू. त्यांनी या वेळी वाडगा लेकीच्या हातात न देता थेट सरांच्या खुर्चीपर्यंत नेला. "घट्ट दही. गार. जाड थर द्यायचा."

"काकू, आई म्हणायची..." लेकीने सुरुवात केली. ते 'म्हणायची' तिच्या तोंडून पहिल्यांदाच गेलं होतं. तिला पुढचं वाक्य सापडेना. काकूंनी तिचं गप्प होणं होकार समजून दही लावलं. ते सुकलं, तडकलं, आणि मागच्या गॅलरीतून इमारतीची मांजर आत येऊन सरांच्या मांडीवर चढली. त्या दिवशी आलेल्या सगळ्यांनी मुक्या जनावरालाही दुःख कळतं म्हणून डोळे टिपले. मांजर सरांची हनुवटी चाटत होती.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांच्यापुढे पेच होता. शोक व्यक्त करायचा होता आणि विनापरवाना अर्धी रंगलेली गच्ची, याबद्दलही बोलायचं होतं. एकाच भेटीत दोन्ही कसं बसवावं, हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं. "फार वाईट झालं," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "वर रंगाचे डबे तसेच आहेत. घाई नाही. पण आहेत." मग सरांकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. "व्हिनेगर! आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर व्हिनेगर लावलं."

"त्यांना काय झालं होतं?" लेकीने विचारलं.

"काहीच नाही. कधीच काही झालं नाही. म्हणूनच सांगतोय."

व्हिनेगर लावल्यावर सर खुर्चीतून उभे राहिले. त्या दोन दिवसांत ते पहिल्यांदाच आपणहून उभे राहिले होते, त्यामुळे सेक्रेटरी औषधाचा गुण आला म्हणून खूश होऊन गेले.

त्यानंतर सरांच्या जुन्या शाळेतले पी.टी.चे मास्तर. "उन्हातलं मला सांगू नका, मैदानावर जन्म गेलाय," म्हणत त्यांनी खिशातून टूथपेस्ट काढली. ती ते बरोबरच घेऊन आले होते, म्हणजे बातमी शाळेपर्यंत दोन्ही भागांसकट पोचली होती. मग बटाट्याचा रस झाला. मध झाला, आणि मधामागून मुंग्या झाल्या. काकडीच्या चकत्या झाल्या. त्या डोळ्यांवर ठेवून सर इतके स्तब्ध बसले की आलेल्या एका दूरच्या वहिनी दारातूनच परत फिरल्या.

साल आता जोरात निघू लागली होती. काळ्या सोफ्यावर, उशीवर, वर्तमानपत्रावर. सर जिथे बसतील तिथून उठताना थोडे सर मागे राहायचे. लेक हातात लहान झाडू घेऊन त्यांच्या मागे फिरायची, आणि येणारेजाणारे एकमेकांना सांगायचे, "पोर किती खंबीर आहे बघा. आईवर गेलीय."

लेकीला नवल सरांचं वाटत होतं. हा माणूस एरवी कुणी हळदीचं नाव काढलं तरी "तुलना कशाशी केलीत? किती जणांवर केलीत?" असं विचारून समोरच्याला घाम फोडायचा. तो आता जो जे आणील त्याला म्हणत होता, "लावा."

"बाबा, नाही म्हणा ना. आग होते ना तुम्हाला?"

"होते."

"मग?"

सरांनी गालावरचा सुकलेला बटाटा खरवडला. "ते काहीतरी घेऊन येतात गं. नको म्हटलं की वाडगा हातात धरून बसतात. आणि मग बोलायला लागतात."

लेकीने झाडू उचलला आणि खाली पडलेलं गोळा करायला घेतलं. दोघांनाही ते सोयीचं होतं.

मृत्यूच्या दाखल्यासाठी दोघं कचेरीत गेली, त्या सकाळी सरांच्या चेहऱ्यावर कुठलंही औषध नव्हतं. नुसता चेहरा होता, आणि तो औषधापेक्षा वाईट दिसत होता. कपाळ जुनं, गाल नवे, नाक अर्धंअर्धं. खिडकीतल्या कारकुनाने ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, सरांना पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा दोन्ही पाहिलं.

"हे तुम्हीच कशावरून?"

सर शिक्षक होते. प्रश्न रास्त आहे की नाही हे ते आधी तपासत. "रास्त आहे," ते म्हणाले. "कातडीचा वरचा थर गेलाय. खालचा येईपर्यंत वेळ लागेल."

"मग खालचा आल्यावर या."

"मी त्यांची मुलगी आहे," लेक पुढे झाली. "मी सांगते ना, हे तेच आहेत."

"तुमचं ओळखपत्र? यावर पत्ता दुसऱ्या गावचा दिसतोय. चालणार नाही. एकाच पत्त्यावरचं माणूस लागतं."

"तसं कुणी नाही."

"असं कसं?" कारकून वैतागला. मागे रांग वाढत होती. "घरात कुणीतरी असेलच की. यांची मिसेस? त्यांना घेऊन या, पाच मिनिटांत काम होईल."

सरांनी खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले आणि वर्गात मंद मुलाला समजावतात तशा आवाजात, अजिबात न चिडता सांगितलं, "तिच्याच दाखल्यासाठी आलोय."

कारकुनाने कागद पाहिले. त्याचा चेहरा पडला. त्याने मग कुणाला काही न विचारता शिक्के मारले, एक, दोन, तीन, नको तिथेही मारले. दाखला खिडकीतून बाहेर सरकवताना तो खाली मान घालून पुटपुटला, "चहाचं पाणी लावा. गार करून. कापसाने. माझ्या आईला गुण आला होता." सरांनी त्याचे आभार मानले. घरी येऊन चहाचं पाणीही लावलं. काही न करण्यापेक्षा ते बरं निघालं, हे नमूद केलं पाहिजे. फक्त सर त्यानंतर दोन दिवस चहाच्या पिंपात पडल्यासारखे दिसले.

रजा संपत आली. सरांनी विषय काढला. ते रोज सकाळी काढत होते, पण आता त्यांनी आवाज मोठा केला. "तू परवा निघायचंस. तुझं ग्रंथालय बंद पडेल. मी अगदी ठीक आहे."

"हो," लेक म्हणाली. ती रोज हो म्हणत होती.

"मला स्वयंपाक येतो. कपडे येतात. गॅसचं येतं."

"हो बाबा."

खरी अडचण पाठीची होती, आणि ती काकूंनी चव्हाट्यावर आणली. चेहरा बरा होत आला होता, पण पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे उजवा हात वरून पोचत नाही आणि डावा खालून, तिथे साल अजून निघत होती आणि आग होत होती. आजवर गर लेक लावत होती. ती गेल्यावर?

यावर त्या दिवशी हॉलमध्ये बैठकच भरली. सेक्रेटरींनी सुचवलं, की इमारतीतल्या पुरुषांनी पाळीपाळीने यावं, तसा तक्ता जिन्यात लावता येईल. पी.टी.चे मास्तर म्हणाले, कोपर मागून असं वळवलं की हात पोचतो, आणि ते दाखवताना त्यांचाच खांदा अडकला. काकू म्हणाल्या, "पाठीवर औषध लावायला माणूस लागतं. म्हणून तर लग्नं करतात." म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासू लागल्या.

सर हे सगळं मान खाली घालून ऐकत होते. ती मान ज्या प्रकारे खाली होती ती लेकीने ओळखायला हवी होती. सर विचार करत होते. सर विचार करतात तेव्हा घरात काहीतरी बनतं.

निघायच्या आदल्या दुपारी ती बॅग भरत असताना सरांनी तिला हाक मारली. "ये, बघ. म्हणजे तुझ्या मनाला घोर नको." ते बाथरूमच्या आरशासमोर उघड्या अंगाने उभे होते, हातात दुसरा लहान आरसा, आणि दुसऱ्या हातात रंग द्यायचा रोलर. गच्चीवरून आणलेला, इतके दिवस रंगाच्या डब्यात बुडून ओला राहिलेला. त्याच्या दांड्याला त्यांनी तारेने एक मोजपट्टी बांधून, तिला बाक देऊन, पाठीच्या मापाचा कोन साधला होता. ताटात कोरफडीचा गर पसरला होता.

"स्वच्छ धुतलाय," सर म्हणाले. "आता बघ. रोलर असा गरात घोळवायचा. आरशात नेम धरायचा. डावीकडचं उजवीकडे दिसतं, तेवढं लक्षात ठेवायचं. आणि..."

रोलर खांद्यावरून मागे गेला, नेमका त्या जागेवर टेकला, आणि मोठ्या ऐटीत खाली आला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला. सरांचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांत तो असा दिसला नव्हता.

"पोचतो की नाही?"

"पोचतो."

"मग! मला कुणाची गरज..."

"बाबा, हलू नका."

रोलर वरवर धुतलेला होता. आतल्या फोमने पोटात धरून ठेवलेला रंग गराचा ओलावा लागताच बाहेर आला होता. सरांच्या पाठीवर मधोमध, वरपासून खालपर्यंत, एक रुंद पांढरा पट्टा होता. कडा सरळ. काम व्यवस्थित.

"काय झालं?"

"रंग."

सरांनी आरसा फिरवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते म्हणाले, "डब्यावर लिहिलंय, पाच उन्हाळे टिकतो."

"थिनर नाही लावायचं, आग होईल," लेक म्हणाली. "कोमट पाणी, साबण. घासायचं नाही. बसा."

सर स्टुलावर बसले, तिच्याकडे पाठ करून. ती मागे उकिडवी बसली आणि बोटांनी साबणाचा फेस त्या पट्ट्यावर हळूहळू फिरवू लागली. रंग निघत होता, थोडा थोडा. त्याच्याबरोबर साल येत होती. ती ओढायची नाही म्हणून ती थांबायची, पाणी घालायची, सुटेल तेवढंच सुटू द्यायची. खालून नवी कातडी येत होती, लहान मुलाच्या तळव्यासारखी. बाहेर कुणीतरी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतं. मग पावलं जिन्याने खाली उतरून गेली.

सर समोरच्या फरशीकडे बघत होते.

"तुझी गाडी सकाळची ना?"

"हो."

"वेळेवर निघ. माझ्यासाठी अडून राहू नकोस. रोलर नवा आणतो, त्यात रंग नसेल." त्यांनी ओल्या फरशीवरून पाय मागे घेतले. "तुझी मला काळजी नाही. सगळे म्हणतात ते खरं आहे. तू आईवर गेलीयस. घट्ट आहेस."

"हो," म्हणायला लेकीने तोंड उघडलं. हात पाठीवर होता. तो तिथेच राहिला. पाणी बोटांवरून मनगटापर्यंत आलं, कोपरापर्यंत आलं, बाहीत शिरलं, तरी तिने हात काढला नाही.

"बरं वाटतंय," सर म्हणाले. "निघतोय ना रंग?"

"बाबा."

"हं?"

"मी नाही गेले आईवर. मी घट्टबिट्ट काही नाहीये." तिचा आवाज तिला ओळखू येईना, पण तो थांबत नव्हता. "बाबा, मला आई हवी."